झड लागली की झोप का सुटत नाही?

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते आणि कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. सलग तिसऱ्या वर्षी जुलै लागला की सकाळी उठवत नाही. नऊ-दहा तास झोपूनही अंग जड असतं, सारखं गोड आणि तळलेलं खावंसं वाटतं, कुणाशी बोलणं नको होतं. गणपती झाले की हळूहळू बरं वाटतं. हे ऋतूमुळे येणारं नैराश्य की नुसता आळस?

उत्तर : आळशी माणूस कामाला कंटाळतो, आवडीच्या गोष्टीला टुणकन उठतो. तुम्हाला आवडीचंही नकोसं होत असेल तर आळस हा शब्द घरच्यांनाही वापरू देऊ नका.

निदानात एक मोठी अडचण तुमच्या कामाचीच आहे. रिटर्न भरायची मुदत साधारणपणे 31 जुलैला संपते, म्हणजे तुमचा जुलै रात्री नऊपर्यंत ऑफिसात जातो. दरवर्षी ठरावीक वेळी येणाऱ्या अशा ताणामुळे मन खचत असेल, तर ते ऋतूनुसार येणारं नैराश्य धरत नाहीत. मुदत संपल्यावर आठ-दहा दिवसांत मोकळं वाटलं तर तो कामाचा शिणवटा. सप्टेंबरपर्यंत रेंगाळलं, तर ऋतूकडे बोट दाखवता येईल. तुमच्या पत्रावरून दुसरी शक्यता जास्त दिसते. तरी मुदत वाढून मिळालेलं एखादं वर्ष असेल तर ते वेगळं काढून पाहा. निदानासाठी किमान दोन वर्षं लागोपाठ त्याच सुमारास नैराश्य येऊन त्याच सुमारास जायला हवं, आणि त्या दोन वर्षांत इतर वेळी आलेलं नसावं.

1984 साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं, ते तिकडच्या हिवाळ्याचं. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास 11 तासांचा, आणि जुलैतला तर 13 तासांचा. म्हणजे आपल्याकडे दिवस आखूड होत नाही, आपणच उजेडातून आत जातो. पाणी आत येतं म्हणून खिडक्या बंद, गॅलरीत दोऱ्यांवर ओले कपडे, तळजाईचं सकाळचं फिरणं बंद. ट्यूबलाइटच्या खोलीत 150 ते 300 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार. डोळ्यांना वाटणारा फरक याहून फारच कमी असतो, म्हणून आपण फसतो.

तेव्हा उठायची वेळ पक्की करा, रविवारीही. उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर: छत्री घेऊन सोसायटीत फेऱ्या, तेही नको असेल तर कपडे बाजूला सारून गॅलरीच्या कठड्याशी चहा. खिडकीपासून दोन मीटर आत बसलात तर उजेडाचा बराच भाग गेलाच म्हणून समजा. दुपारची झोप 20 मिनिटांवर जाऊ देऊ नका. गोडाची ओढ संध्याकाळी जास्त असते, म्हणून चार वाजता उसळ किंवा दाणे-फुटाणे खाऊन घ्या. भजी पूर्ण बंद करायला आम्ही सांगणार नाही, पुण्यात ते कुणी पाळणारही नाही.

आत्तापासून कॅलेंडरवर रोज तीन आकडे लिहा: मन किती बरं (0 ते 10), किती तास झोप, किती मिनिटं बाहेर. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, कारण या दोन्हींतल्या बिघाडात असाच थकवा येतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटलं आणि कामं अडू लागली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जगणं नको असा विचार एकदाही आला तर दोन आठवडे मोजत बसू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आमचा मुलगा स्टॉकहोमला नोकरीला आहे. नोव्हेंबरपासून फोनवर अगदी मलूल वाटतो. ऑनलाइन उजेडाच्या उपचाराचा दिवा मागवू म्हणतो. आम्ही सदाशिव पेठेत बसून काय सल्ला देणार? दिव्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर : पडतो. हिवाळ्यात येणाऱ्या अशा नैराश्यावर प्रकाशोपचार हा पहिल्या फळीचा उपाय आहे. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, मुलगा अंधारात ऑफिसला जातो आणि अंधारात परततो.

दिवा 10,000 लक्सचा आणि अतिनील किरण गाळणारा हवा. खरी मेख अंतरात आहे. खोक्यावर 10,000 लिहिलेले पुष्कळ लहान दिवे तेवढा उजेड फक्त वीतभर अंतरावर देतात. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. तेव्हा ‘किती सेंटिमीटरवर 10,000’ हे विचारूनच घ्यावा, मोठ्या पटलाचा दिवा बरा.

सकाळी उठल्याबरोबर 20 ते 30 मिनिटं, दिवा जरा बाजूला आणि डोळ्यांच्या थोडा वर, समोर नाश्ता किंवा पेपर. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही. संध्याकाळी वापरला तर झोप उडते. डोकं दुखलं किंवा चिडचिड झाली तर वेळ 15 मिनिटांवर आणावी. गुण एक-दोन आठवड्यांत दिसतो. बरं वाटलं म्हणून जानेवारीत दिवा कपाटात टाकतात आणि काही दिवसांत पुन्हा पहिले पाढे. वसंत येईपर्यंत चालू ठेवायचा.

डोळ्याच्या पडद्याचा विकार किंवा त्वचा उजेडाला हळवी करणारी औषधं (मुरुमांवरचं डॉक्सिसायक्लिन त्यातलंच) असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. दिव्याने पुरेसं भागलं नाही तर औषधं किंवा समुपदेशनाची जोड देतात.

प्रश्न : ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पावसाळ्यातली उदासी जाते का? सकाळी सातचं ऊन पुरतं का?

उत्तर : या दोन गोष्टींची गल्लत होते. मनासाठीचा उजेड डोळ्यांवाटे काम करतो, काचेतून आला तरी चालतो आणि सकाळचाच उत्तम. ड जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं, त्याला लागणारे किरण काचेतून येत नाहीत आणि सकाळी सातच्या उन्हात जवळपास नसतात. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण त्याने नैराश्य जातं याचा पुरावा कच्चा आहे. 60,000 युनिटची पुडी तपासणीशिवाय दर आठवड्याला महिनोन् महिने घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, मुतखडा होऊ शकतो.

प्रश्न : माझे दीर आठ वर्षं लिथियम घेतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची झोप चार तासांवर येते, बोलणं आणि खरेदी वाढते. पावसाळ्यात मात्र खोलीबाहेर येत नाहीत. त्यांच्यासाठी वरच्यासारखा दिवा घ्यावा का?

उत्तर : स्वतःहून मुळीच नको. लिथियम बहुधा द्विध्रुवी आजारावर (कधी उन्माद, कधी नैराश्य) देतात, आणि त्यात सकाळचा प्रखर प्रकाश माणसाला उन्मादाकडे ढकलू शकतो. द्यायचाच तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि बहुधा दुपारी. ऋतूप्रमाणे चढ-उतार या आजारात नेहमी दिसतात, म्हणून फेब्रुवारीअखेरचीच अपॉइंटमेंट घेऊन ठेवा. सलग दोन रात्री झोप कमी झाली की डॉक्टरांना कळवायचं. खरेदी सुरू होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

पुण्याच्या उन्हाळ्यात लिथियमचा दुसराच धोका आहे. घाम जाऊन शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की तेच डोस रक्तात जास्त साचतात. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ एकसारखं. उपवासात किंवा रक्तदाबासाठी ते एकदम तोडायचं नाही. दुखण्यावर परस्पर आयब्युप्रोफेन देऊ नका, त्यानेही पातळी चढते. पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी करतात, म्हणून त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच रुग्णालयात न्या आणि लिथियम चालू आहे हे दारातच सांगा.