गोसीखुर्दसाठी जुनी केबिनची बोट घेताना

भाऊ, वैनगंगा नदीवरील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयासाठी चालकाची बंद केबिन असलेली जुनी लहान बोट घेण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र नवखे लोक रंग आणि गाद्या पाहून भुलतात, तसे तुम्ही करू नका.

बोट पाण्याबाहेर काढून पाहिल्याशिवाय सौदा पक्का करू नये. फायबरच्या तळावर आणि डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जावे. टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर आतील थर सुटलेले किंवा लाकूड कुजलेले असू शकते, आणि ती दुरुस्ती कधीकधी बोटीच्या किमतीहूनही महाग पडते. केबिनच्या खिडक्यांवर पाण्याची नळी सोडून गळती तपासावी. सुकाणूपाशी बसून आणि उभे राहूनही समोरचे दिसते का, हे अवश्य पाहावे, कारण धरणामागे साठलेल्या वैनगंगेच्या फुगवट्यात धिवर (मासेमार) बांधवांचे डोंगे, म्हणजे लहान होड्या, पाण्यालगत असतात.

बोट कोकणातली असेल, तर खाऱ्या पाण्याने इंजिनचे आतील भाग गंजले आहेत का, ते मिस्त्रीकडून तपासून घ्या आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. रुंदी २.६ मीटरहून अधिक असल्यास ट्रकने आणणे अवघड होते. जलाशयात बोट उतरवण्याच्या परवानगीची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी. सौर पॅनेलचा विचार पुढच्या हंगामात करता येईल.