कासव चुकतं तेव्हा

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला प्रोग्रॅमिंग शिकायचंय. ‘लोगो’ ही भाषा जुनी झाली म्हणतात. थेट पायथनच सुरू करावं का?

उत्तर : जुनी आहे खरी. १९६७ साली सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती मुलांसाठीच घडवली. पण मी अजूनही सुरुवात लोगोनेच करून देते, आणि त्याचं कारण ते पडद्यावरचं कासव. आपण आज्ञा लिहायची, त्याप्रमाणे ते चालतं, वळतं आणि मागे रेघ काढत जातं.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला समभुज त्रिकोण काढायचा होता. कोन ६० अंशांचा, म्हणून त्याने लिहिलं : रिपीट ३ [फॉरवर्ड १०० राइट ६०], म्हणजे तीनदा १०० पावलं पुढे जा आणि ६० अंश उजवीकडे वळ. निघाला अर्धा षटकोन! मी काहीच सांगितलं नाही. तो उठला, फरशीवर स्वतः चालला, कोपऱ्यावर वळला आणि ओरडला, “बाई, मला तर जास्त वळावं लागतंय!” कासव बाहेरचा कोन वळतं, १२० अंश. हे त्याला त्याच्या पायांनी शिकवलं. चूक डोळ्यांना दिसते, म्हणून ती शोधावीशी वाटते. डीबगिंग म्हणतात ते हेच.

पुढे ३६० वेळा एक पाऊल, एक अंश असं करून वर्तुळ काढू द्या. मग स्वतःलाच हाक मारणारी, म्हणजे चालता चालता स्वतःलाच पुन्हा सुरू करणारी आज्ञा लिहू द्या. ती थांबवायची कुठे, या प्रश्नाशी मुलं तासन्‌तास झुंजतात. तिथे घाई मुळीच करू नका.

पायथन नंतर येईलच. त्यातही ‘टर्टल’ आहे, त्यामुळे कासव सोबतच राहील.