पट्टा बदलण्यातच दिवस जातो

प्रश्न : मी सुऱ्यांना धार लावण्याचा व्यवसाय करतो. एक बेल्ट ग्राइंडर आणि एक बेंच ग्राइंडर आहे. रोज साधारण 40 सुऱ्या येतात. प्रत्येक सुरी 120, 240 आणि 600 नंबरच्या पट्ट्यांवर घेतो, तरी संध्याकाळपर्यंत निम्म्याच होतात. पाण्यावर चालणारं संथ मशीन घ्यावं का?

उत्तर : तूर्त नको. 40 सुऱ्या, प्रत्येकीला तीन पट्टे, म्हणजे 120 वेळा पट्टा बदलणं आलं. एका बदलाला एक मिनिट धरलं तरी दोन तास त्यातच जातात. एक पट्टा चढवला की त्या नंबरचं सगळं काम उरकायचं, मगच दुसरा. तीन बदलांत दिवस निघतो.

त्याआधी सुऱ्या निवडा. दिव्याखाली धार वर करून धरली की बोथट जागा चमकते. खाचा पडलेल्या आणि टोक मोडलेल्या तेवढ्याच 120 वर, म्हणजे सगळ्यात खरखरीत पट्ट्यावर न्या. नुसत्या बोथट झालेल्यांना थेट 240. सरसकट 120 लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचं पोलाद विनाकारण खाणं, आणि ते मला मनापासून खटकतं. करवती दात्यांच्या सुऱ्या बाजूला ठेवा, त्यांचं काम वेगळं.

या पद्धतीत एक धोका आहे : चूक झाली तर ती अख्ख्या ढिगात होते. 240 वर एका बाजूने घासलं की दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे धारेवर वळलेली पोलादाची बारीक कड, उठते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग हवी. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे आडवा, बाहेर ओढा, बर असेल तिथे तो अडखळतो. धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवू नका. सुरुवातीला मी ही तपासणी करतच नसे, शेवटी कागद कापून बघायचे. एकदा अख्खा ढीग चकचकीत झाला आणि कागद काही कापेना! मुठीजवळ बर आलीच नव्हती. सगळ्या सुऱ्या परत 240 वर घ्याव्या लागल्या. आता बर हाताला लागल्याशिवाय माझी एकही सुरी पुढच्या पट्ट्यावर जात नाही.

बेंच ग्राइंडरच्या दगडावर मात्र सुरी नेऊ नका. 150 मिमीचं चाक मिनिटाला 2800 फेरे घेतं, म्हणजे त्याची कड सेकंदाला सुमारे 22 मीटर पळते. पातळ टोक क्षणात निळं पडतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. पॉलिशने निळेपणा जातो, कडकपणा परत येत नाही. दगड काढून तिथे त्या वेगाला चालणारं फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं चाक बसवा, त्याला पॉलिशचा साबण लावा आणि शेवटची बर त्यावर हलक्या हाताने काढा. चाक धारेकडून बाहेर निघून जायला हवं. धार चाकाला सामोरी गेली तर सुरी हातातून हिसकली जाते.

पाण्याचं मशीन पातं थंड ठेवतं हे खरं, पण 250 मिमीचं चाक 90 फेऱ्यांनी चालतं, तुमच्या ढिगापुढे ते फार सावकाश. खर्च करायचाच असेल तर आहे तसाच आणखी एक बेल्ट ग्राइंडर घ्या. एकावर 240, दुसऱ्यावर 600 कायम चढवून ठेवा. मग पट्टा बदलायचा तो फक्त खाचा पडलेल्या सुऱ्यांसाठी, सकाळी एकदा.