‘रंगीत तालीम’ नव्हे, ‘कवायत’

प्रश्न असा आहे, की अनेक खेळाडूंच्या डावपेचप्रधान युद्धखेळांत उतरण्यापूर्वी संगणकाविरुद्ध खेळून जी तयारी केली जाते, तिला ‘रंगीत तालीम’ म्हणावे काय?

मुळीच म्हणू नये. हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार कानी पडतो आणि दर वेळी खटकतो. रंगीत तालमीत पात्रे, संवाद, वेशभूषा सारे प्रत्यक्ष प्रयोगातलेच असते, उणीव असते ती प्रेक्षकांची; इथे मात्र ज्याच्याशी झुंजायचे तो माणूसच गैरहजर असतो. ‘सराव’ चुकीचा नाही, पण तो कशालाही चालतो. नेमका शब्द आहे ‘कवायत’.

आपला ‘कायदा’ अरबी आहे आणि ‘कवायत’ हे त्याच शब्दाचे मूळ अनेकवचन, ‘कवाइद’. ‘मदद’ची ‘मदत’ झाली तसा येथेही अंत्य ‘द’चा ‘त’ झाला. अनेकवचन एकवचनासारखे रुळल्याचे नवल वाटत असेल, तर ‘उमराव’ आठवावा. तोही मुळात ‘अमीर’चे अनेकवचनच आहे. तेव्हा कवायत म्हणजे अंगवळणी पडेपर्यंत घोटलेले कायदे. याहून गोड गोष्ट अशी, की या अरबी शब्दाचा धातू ‘बसणे’ या अर्थाचा असून त्याचा जुना अर्थ ‘पाया’ असा आहे, आणि लष्करी तळालाही अरबीत हाच शब्द वापरतात. संगणकाविरुद्ध खेळाडू प्रथम तळ उभारण्याचा क्रमच घोटतो, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. कोणाला वाटल्यास खुशाल वाटो.

‘तालीम’ आणि ‘कवायत’ समानार्थी ठरवणाऱ्यांनी ‘तालीम’चे ‘इल्म’शी, म्हणजे ज्ञानाशी असलेले नाते पाहण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत. तालमीला शिकवणारा लागतो, आणि संगणक शिकवत नाही. कित्येक खेळांत काठिण्यपातळी वाढवली, की तो अधिक हुशार होत नाही, त्याला केवळ जादा साधनसामग्री मिळते; त्यामुळे त्याला हरवणारा खेळाडू पुष्कळदा त्याची ठरावीक खोड तेवढी ओळखून बसलेला असतो. हूल देणारा, चिडणारा, मुद्दाम तह मोडणारा शत्रू त्याला भेटलेलाच नसतो.

यावर ‘अल्फास्टार’ या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या, खेळ खेळणाऱ्या प्रणालीचे उदाहरण हटकून पुढे केले जाते. डिसेंबर २०१८ मध्ये या प्रणालीने ‘स्टारक्राफ्ट २’ या अशाच युद्धखेळात ‘माना’ या टोपणनावाच्या व्यावसायिक खेळाडूला आधी ५-० असे हरवले, हे खरेच. परंतु तिच्या निराळ्या आवृत्तीविरुद्ध जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या पुढच्या थेट सामन्यात त्याने लहान तुकडीचे छापे पुन्हापुन्हा घातले, यंत्र आपली मुख्य फौज पुन्हापुन्हा मागे वळवत राहिले आणि हरले. निदान त्या डावात तरी कवायत यंत्राची चालली होती आणि ती माणूस करवून घेत होता.