फूट ड्रॉपमध्ये पट्टा लावल्याने पाय आळशी होतो का?

वडिलांना फूट ड्रॉपसाठी, म्हणजे पाऊल वर उचलता येत नाही, खाली लोंबतं त्यासाठी, दिलेला एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा पट्टा) किती दिवस लावायचा आणि त्याची सवय लागून पाय कायमचा कमजोर होईल का, असं तुम्ही विचारलंय. या ‘सवय लागेल’पायी मी जिन्यावर मनगट मोडून घेतलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी चार महिन्यांत 18 किलो वजन उतरवलं होतं. त्यात तासन्‌तास पायावर पाय टाकून काम करायची खोड. एका सकाळी उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. वाटलं, सैल झाली असेल. दुसऱ्या दिवशी चालताना फटक फटक आवाज. टाच टेकली की चवडा आपटायचा. अंगठा वर कर म्हटलं तर तो जागचा हलेना.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, त्याच्याजवळून पेरोनियल नस वळसा घालून जाते, जवळजवळ कातडीखालूनच. वजनाबरोबर तिथली चरबीची गादी गेली आणि नस दबली. एमआरआयमध्ये कमरेची चकती जराशी सरकलेली दिसली, तर घरात लगेच ऑपरेशनची कुजबुज. न्यूरॉलॉजिस्टने पाऊल आतल्या बाजूला वळवून जोर लावायला सांगितलं. जोर पुरता होता. कमरेतली एल5 नस दबली असती तर तोही सहसा कमी पडतो. तीन आठवड्यांनी एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेचा संदेश कसा जातो ते बघणारी तपासणी, केली, खोट गुडघ्याशीच निघाली. कमर वाचली.

मग पट्टा आला आणि ताई आली. ताई व्यायामवाली. “पट्ट्याच्या जिवावर चाललास तर पाय आळशी होईल. जिद्द ठेव.” ठेवली. पट्टा कपाटात. सातव्या दिवशी जिना चढताना चवडा पायरीच्या कडेला अडकला, हात टेकला आणि मनगट गेलं. ताई म्हणाली, “लक्ष कुठे होतं तुझं?”

ज्या स्नायूला नसेकडून हुकूमच येत नाही, तो पट्ट्याने आळशी कसा होईल? वीज गेली म्हणून पंख्याला कोणी आळशी म्हणत नाही. पट्टा दोन कामं करतो. चवडा अडकू देत नाही, आणि पाऊल खाली लोंबून टाचेमागचा स्नायूबंध आखडू देत नाही. तो आखडला तर नस सुधारूनही पाऊल वर यायला त्रास होतो. म्हणून पोटरी ताणायचे व्यायाम पट्ट्याच्या जोडीला हवेतच.

किती दिवस? नस नुसती दबली असेल, आतले तंतू शाबूत असतील, तर काही आठवडे ते काही महिने. तंतू तुटले असतील तर ते रोज साधारण 1 मिलिमीटर वाढतात, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. मला सात महिने लागले. नस परत आलीच नाही, तर चालू असलेला स्नायूबंध पावलाच्या वरच्या बाजूला वळवून बसवायचं ऑपरेशन असतं.

हे सगळं माझ्या नसेचं. तुमच्या वडिलांचं कारण तुम्ही लिहिलेलं नाही. अर्धांगवायू, कमरेची नस, मधुमेह, कुष्ठरोग, कशानेही पाऊल लटकतं आणि दर वेळी हिशेब बदलतो. लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर हे वाचत बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. पायाला संवेदना कमी असेल तर पट्टा काढल्यावर रोज कातडी बघा. लाली जात नसेल तर पट्टा कुठेतरी टोचतोय, तो नीट करून घ्या.

आणि हो, तिसऱ्या महिन्यात अंगठा हलायला लागला, तेव्हा फिजिओथेरपिस्टने पट्ट्याचे तास कमी करत व्यायाम वाढवला. ताईचं तेवढं बरोबर होतं. पण तिसऱ्या महिन्यात. पहिल्या आठवड्यात नव्हे. ती मात्र अजून सगळ्यांना सांगते की पाय तिच्या जिद्दीने बरा झाला. मनगटाचा विषय निघाला की चहा टाकायला उठते.

माझा पट्टा पडूनच आहे. मापाचा असतो, नाहीतर तुम्हाला पाठवला असता.