लूट बॉक्सला मराठीत काय म्हणायचं?

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय की सोसायटीतल्या पालकांसाठी सूचना लिहायचीय, त्यात 'लूट बॉक्स' (गेममध्ये पैसे देऊन घ्यायची पेटी, आत काय निघेल ते आधी कळत नाही) आणि 'पे टू विन' (पैसे भरणारा खेळात वरचढ होतो ती सोय) याला मराठीत काय लिहू, 'लुटीचा डबा' लिहिलं तर सगळे हसले.

ताई, हसले ते डब्याला, पण खरी अडचण 'लूट'मध्येच आहे. शब्द मूळचा आपल्याच इकडचा, संस्कृत लुण्ट् धातूपासून आलेला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या गोऱ्यांनी तो हिंदीतून उचलून इंग्रजीत नेला. पुढे गेममध्ये त्याचा अर्थ झाला मारलेल्या शत्रूकडून हाती लागलेला माल, म्हणजे लुटणारा कोण तर खेळाडू. आपण मात्र "नुसती लूट चाललीय" म्हणतो तेव्हा लुटले जाणारे आपणच असतो. आणि मला सगळ्यात आवडतो तो तिसरा अर्थ, संक्रांतीला बायका वाण लुटतात तेव्हा लुटणारी ही देणारी असते! बोरन्हाणात पोरं बोरं आणि गोळ्या लुटतात, तिथे तर सगळ्यांचाच आनंद. एवढे अर्थ एका शब्दात असताना पालकांना नेमकं काय समजणार, म्हणून सूचनेत 'लूट' नकोच असं माझं मत.

मग सोडत? आपल्याकडे सिडको-म्हाडामुळे सोडत घराघरात माहितीय. पण तिथे नंबर नाही लागला तर अनामत रक्कम परत मिळते, इथे पैसे गेले ते गेलेच. चिठ्ठीचाही विचार केला, लहानपणी ठाण्यात आमच्या गल्लीतल्या दुकानात चिठ्ठ्या चिकटवलेला पुठ्ठा टांगलेला असायचा, पैसे दिले की एक फाडायची, नंबर लागला तर बॅट. पण त्या पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या कमी कमी होत जायच्या, बॅट कुठल्यातरी एका चिठ्ठीत असायचीच. गेममधल्या बहुतेक पेट्यांचं तसं नाही, तिथे दर वेळी पाटी कोरी. शंभरात एक अशी शक्यता असेल तर शंभर पेट्या उघडल्या की मिळणारच असं पोरांना वाटतं, पण हिशेब केला तर शंभर उघडूनही साधारण 37 टक्के वेळा ती वस्तू एकदाही मिळत नाही. हे फार महत्त्वाचं आहे, 'चिठ्ठी' म्हटलं तर नेमकं हेच झाकलं जाईल.

जपानी लोक 'गाचा' म्हणतात, खेळण्याच्या मशीनचा दांडा फिरवल्याचा तो आवाज. छान आहे, पण आपल्या कानाला काहीच सांगत नाही.

मी सुचवीन झाकली पेटी. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे समजावून सांगायची गरजच नाही, किंमत आहे ती झाकलेली असेपर्यंतच. ऐरोलीला माझ्या भाच्याला बघितलं ना, पेटी थरथरते, फटीतून सोनेरी उजेड येतो, हा श्वास रोखून बसलेला, आणि आतून निघाला एक टी-शर्ट, तोही आधी मिळालेलाच. लगेच म्हणतो मामा अजून एकच. 2018 मध्ये बेल्जियमने पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या त्या उगाच नाही.

'पे टू विन'ला विकतची सरशी म्हणा. 'पैसे देऊन जिंकणे' शब्दशः बरोबर आहे पण पैसे भरले म्हणून जिंकतोच असं नाही, बंदूक जास्त जोरात लागते, गाडी जास्त पळते, म्हणजे समोरच्यावर सरशी मिळते. आणि 'विकत'ला मराठीत 'विकतचं दुखणं'ची सावली आहे, ती इथे हवीच आहे मला.

अजून एक, क्रियापद बघा. पोरांच्या भाषेत ही पेटी म्हणजे क्रेट. पोरं म्हणतात "मामा मी क्रेट उघडला", घेतला असं कोणी म्हणत नाही. उघडण्याला पैसे पडत नाहीत, घ्यायला पडतात, आणि आईला यूपीआयचा मेसेज येतो तेव्हा कळतं की 'उघडला' म्हणजे घेतला. म्हणून सूचनेत 'उघडणे' अजिबात लिहू नका, असं लिहा: "मुले मोबाइल गेममध्ये क्रेट, म्हणजे झाकली पेटी, पैसे देऊन विकत घेतात. आत काय आहे ते पैसे गेल्यावरच कळते." क्रेट शब्द राहू द्या, घरी पोरांच्या तोंडून पालकांना तोच ऐकू येणार आहे.