चुलत आजोबांनी वक्फ केलेली वाडी आम्हा वारसांना परत मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की श्रीवर्धनजवळची नारळी-पोफळीची वाडी चुलत आजोबांनी वक्फ केली, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची देऊन टाकली, ते निपुत्रिक गेले, पुढे ती सांभाळणारे मुतवल्लीही वारले आणि आता तिकडे कुणी फिरकत नाही. एक एजंट म्हणतो, वारस म्हणून सह्या द्या, सातबाऱ्यावर नावं चढवून गिऱ्हाईक आणतो.

सह्या देऊ नका. वक्फ झाला की मालकी अल्लाहची, मुतवल्ली नुसता सांभाळणारा. तो गेला, वाडी शिपायला माणूस उरला नाही, म्हणून जमीन उलटून वारसांकडे येत नाही. नवा मुतवल्ली नेमण्याचा अधिकार वक्फ बोर्डाला आहे. आणि वक्फ मिळकतीची विक्री मुळातच रद्दबातल असते, त्यात गुन्हाही दाखल होतो. एजंट कमिशन घेऊन जाईल, कागदावर सह्या तुमच्या राहतील.

पण तुमचा काहीच हक्क नाही असंही नाही. चुलत आजोबांनी नेमकं काय वक्फ केलं आणि कधी, यावर सगळं आहे. माणूस फक्त स्वतःच्या मालकीचं वक्फ करू शकतो. आपल्याकडे बाप गेल्यावर फेरफारात मुलांची नावं लागतात आणि बहिणींची राहून जातात, हे तुम्हालाही माहीत असेल. वाडी वडिलोपार्जित असेल तर तुमच्या आजोबांचा आणि त्यांच्या बहिणींचा हिस्सा चुलत आजोबांना देताच येत नव्हता. हा मुद्दा मला सगळ्यात जोरकस वाटतो, आणि त्या बहिणींची मुलंबाळंही यात तुमच्यासारखीच हक्कदार आहेत. त्यांना वगळून पुढे जाऊ नका.

दुसरं, वक्फ मृत्युपत्राने किंवा शेवटच्या आजारपणात केला असेल, तर वारसांच्या संमतीशिवाय तो एकूण मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरताच टिकतो. निपुत्रिकाच्या मागे भाऊ-बहीण वारस ठरतात, म्हणजे तुमच्या आजोबांची संमती होती का ते बघायला लागेल.

तिसरं, वक्फनामा शब्दन् शब्द वाचा. आमच्या जमातीच्या दफ्तरात मी असा एक वाचलाय: सुपारीच्या उत्पन्नातून आधी मशिदीच्या दिव्याचं तेल, मग रमजानात इफ्तार, उरेल ते औलादीला. असं असेल तर तो वक्फ-अलल-औलाद, म्हणजे वंशजांसाठीचा वक्फ. त्यात वंशजांना उत्पन्न मिळतं, जमीन नाही, आणि वंश खुंटला की ते उत्पन्न शिक्षण आणि समाजकल्याणाकडे जातं. ‘मी हयात असेपर्यंत उत्पन्न माझं’ असं लिहिलेलं आढळलं तर वकिलाला मुद्दाम दाखवा. १९१३ च्या वक्फविषयक कायद्याने ती मुभा हनफी पंथाच्या मुसलमानांना दिली, आणि आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, म्हणजे वेगळ्या पंथाचे.

कागद कुठे मिळतील? जुने फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात, वक्फनाम्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडे. धर्मादाय कार्यालयातही चौकशी करा, कारण १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला प्रत्येक मुस्लिम ट्रस्ट वक्फ असतोच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. वाडीत कूळ होतं का तेही बघा. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला जमीन कुळाकडे गेली असेल आणि कूळ कायद्यातलं ‘३२ म’ चं खरेदी प्रमाणपत्र निघालं असेल, तर भांडणच वेगळं.

दावा दिवाणी कोर्टात नाही, वक्फ न्यायाधिकरणात लावायचा असतो. सरकारी वक्फ यादीवर हरकतीला पूर्वी एक वर्ष होतं, वक्फ कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने दोन केलं, त्यानंतर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. त्याच दुरुस्तीत वक्फ-अलल-औलादमुळे वारसांचा, विशेषतः बायकांचा, वारसाहक्क डावलता येणार नाही असंही आलंय. ते तुमच्या जुन्या वक्फाला लागू होतं का, हे मात्र वक्फनाम्यावरची तारीख पाहूनच वकिलाला विचारा.